पत्त्यांच्या डावाची राखण : पगारी आणि बिनपगारी

पत्त्यांचा डाव मांडायला बावन्न पाने आणि चार गडी पुरतात असे आपण समजतो. वस्तुतः प्रत्येक डावाला आणखी एक माणूस लागतो. पाने नीट पिसली की नाही, कोणी भिडूला खूण केली काय, हिशेब बरोबर लिहिला काय, आणि भांडण झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हे पाहणारा तो माणूस. घरच्या डावात हे काम आजी किंवा थोरले काका करतात. क्लबात ते व्यवस्थापकाकडे असते. पण चार गडी चार गावांत बसून मोबाइलच्या पडद्यावर खेळत असतील तर ही राखण कोण करतो? कशासाठी करतो? आणि त्याचा मोबदला त्याला कोण देतो? राखण ही एक सेवा आहे, आणि प्रत्येक सेवेची किंमत कोणीतरी मोजत असतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावयास नको.

या प्रश्नाचा अभ्यास म्हणून मी तीन मुलाखती घेतल्या. त्या कशा घेतल्या, त्यांतून काय कळले आणि त्यावरून कायद्याकडे व आपल्या स्वतःच्या नोकरीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, एवढाच या लेखाचा आवाका आहे. तिघांच्याही इच्छेनुसार त्यांची नावे येथे दिलेली नाहीत.

कोणाशी बोललो

पहिला कॅम्पमधलाच तरुण. बंगळूर येथे ऑनलाइन रमी चालविणाऱ्या एका कंपनीत तो ग्राहकसेवा विभागात होता. मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषा येत असल्यामुळे त्याला ती नोकरी मिळाली, आणि ऑगस्ट २०२५ नंतर ती गेली.

दुसरे गृहस्थही कॅम्पातलेच. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना मी काका म्हणतो. ते 'ब्रिज बेस ऑनलाइन' या संकेतस्थळावर दर आठवड्याला एक विनामूल्य स्पर्धा भरवतात आणि तिचे पंच म्हणून काम पाहतात. हे संकेतस्थळ कॅनडाचे ब्रिजपटू फ्रेड गिटलमन यांनी २००१ साली सुरू केले. जगभरचे लोक तेथे ब्रिज खेळतात आणि साध्या खेळाला पैसे पडत नाहीत. तेथे पगारी नोकर आहेत, तसेच स्वयंसेवकही आहेत. ज्यांची नावे पडद्यावर पिवळ्या रंगात दिसतात त्या मदतनिसांना तेथे 'यलो' म्हणतात. मोठ्या सामन्यांच्या वेळी टेबलाशेजारी बसून पडलेले प्रत्येक पान संगणकावर टिपणारे आणि त्यावर भाष्य करणारेही बहुधा स्वयंसेवकच असतात.

तिसरे निपाणीतील एका करमणूक मंडळाचे व्यवस्थापक. त्यांचा ऑनलाइन खेळाशी संबंध नाही. पण जुन्या पद्धतीचे टेबल डोळ्यांसमोर असल्याशिवाय नव्या टेबलाची पारख होत नाही, म्हणून त्यांच्याकडे गेलो.

प्रश्न कसे विचारावेत

मुलाखतीला जाताना बहुतेक विद्यार्थी मते विचारतात. पत्ते खेळणे चांगले की वाईट? बंदी योग्य की अयोग्य? अशा प्रश्नांना उत्तर मिळते खरे, पण तसे उत्तर बसस्टँडवर उभ्या असलेल्या कोणाकडूनही मिळाले असते. समोरच्या माणसालाच ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे त्याचे काम. म्हणून मी तिघांनाही तेच चार प्रश्न विचारले :

१. तुमच्याकडे आलेली शेवटची तक्रार कोणती?
२. ती तुम्ही स्वतःच्या अधिकारात मिटवली, की कोणाला विचारावे लागले?
३. तुमचा निर्णय चुकला असे खेळाडूला वाटले तर त्याने कोणाकडे जावे?
४. हा खेळ उद्या दुप्पट खेळला जाऊ लागला तर फायदा कोणाचा?

पहिल्या प्रश्नामुळे माणूस तत्त्वज्ञान सोडून प्रसंगावर येतो. दुसऱ्याने अधिकार किती ते कळते, तिसऱ्याने त्या अधिकारावर अंकुश कोणाचा ते कळते, आणि चौथ्याने राखणदार कोणाच्या बाजूने उभा आहे ते कळते.

भाषेविषयीही एक अनुभव नोंदवण्याजोगा आहे. काम ज्या भाषेत झाले असेल त्या भाषेत प्रश्न विचारावा. तरुणाशी माझे बोलणे मराठीत चालले होते तेव्हा तो कन्नड ग्राहकांच्या तक्रारी थोडक्यात, अहवालासारख्या सांगत होता. तोच प्रश्न कन्नडमधून विचारताच त्याला त्या माणसांचे शब्द आठवू लागले. आपण मराठीत इस्पिक म्हणतो ते चार रंगांपैकी एका रंगाला. कन्नडमध्ये पत्त्यांच्या खेळालाच 'इस्पीट आट' म्हणतात. शब्द सारखाच, व्याप्ती वेगळी. सीमाभागात अभ्यास करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

पगारी राखण

तरुणाकडे येणाऱ्या तक्रारी मुख्यतः तीन प्रकारच्या होत्या. पहिली, नेट तुटल्याची. तेरा पानांच्या रमीत सुरुवातीलाच डाव सोडला तर २० गुण लागतात, मधेच सोडला तर ४०, आणि पुरता हरला तर जास्तीत जास्त ८०. ऐन डावात वीज गेली, यंत्राने खेळाडूला गैरहजर धरले आणि पैसे गेले, की फोन वाजे. यंत्राची नोंद पाहून नियमात बसेल तेवढे सांगणे एवढेच त्याच्या हाती होते.

दुसरी तक्रार, जिंकलेले पैसे बँकेत न आल्याची. हिचे मूळ पुष्कळदा नावात असे. आपल्या भागात आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत, पॅनवर इंग्रजीत, आणि शाळेच्या दाखल्यावर मराठीत. एका कागदावरून दुसऱ्यावर उतरताना आडनावाचे एखादे अक्षर बदलते आणि यंत्राला ती दोन माणसे वाटतात. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर शेकडा ३० प्राप्तिकर कंपनीनेच कापून भरण्याची तरतूद झाली. तो कर कशाचा, हे समजावून सांगण्यात त्याची निम्मी दुपार जाई.

तिसरी तक्रार, लबाडीची. एकाच घरातले दोघे एका टेबलावर बसतात, एकमेकांना पाने सांगतात आणि तिसऱ्याला लुटतात. हे शोधून काढण्याचा विभाग वेगळा होता. पण संशयाची पहिली नोंद पुष्कळदा याच्या हातून होई. हे काम करताना आपण काहीतरी उपयोगाचे करीत आहोत असे वाटे, असे त्याने सांगितले. मला ते खरे वाटले.

पण त्याच्या मनात राहिलेला फोन या तिन्हींपैकी नव्हता. खेडेगावातील एका बाईंनी कन्नडमधून फोन केला होता. नवऱ्याचे खाते बंद करा, एवढीच त्यांची मागणी. नियम असा की, खाते ज्याच्या नावाचे त्यानेच, नोंदवलेल्या क्रमांकावरून कळवले पाहिजे. त्याने तक्रार लिहून घेतली, पुढच्या विभागाकडे पाठवली आणि नियमाप्रमाणे नम्रपणे फोन ठेवला. पुढे काय झाले हे त्याला कधीच कळले नाही. तशी व्यवस्थाच नव्हती. हा नियम मुळात वाईट नाही. कोणीही फोन करून दुसऱ्याचे खाते बंद करू लागला तर कोणतीच पेढी चालणार नाही. तरीही त्या नियमाने राखण कोणाची होत होती, हा प्रश्न उरतोच.

चौथ्या प्रश्नावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, फायदा कंपनीचा. याचा हिशेब साधा आहे. समजा, सारख्या ताकदीचे दोन गडी प्रत्येकी रु. १,००० घेऊन बसले. दर डावाला प्रत्येकाने रु. १०० लावायचे, आणि जमलेल्या रु. २०० मधून शेकडा १० म्हणजे रु. २० चालविणाऱ्याने कापून उरलेले रु. १८० जिंकणाऱ्याला द्यायचे. आज हा जिंकेल, उद्या तो. पण ५० डावांनंतर दोघांच्या मिळून रु. २,००० पैकी रु. १,००० टेबलावरून उठून गेलेले असतील. डाव तसेच चालू राहिले तर उरलेल्या हजारालाही तीच वाट. म्हणजे दोन गड्यांचे भांडण प्रामाणिकपणे सोडवणारा राखणदारही, डाव थांबवणे मात्र त्याच्या नोकरीच्या हिताचे नाही अशा जागी उभा असतो. दोष माणसाचा नाही; जागेचा आहे.

बिनपगारी राखण

काकांच्या स्पर्धेत पैसे लावलेले नसतात. बेळगाव, कोल्हापूर, पुणे आणि गोव्याकडील खेळाडू ठरलेल्या वेळी हजर होतात. २०२० च्या टाळेबंदीत क्लब बंद पडले तेव्हा ही स्पर्धा सुरू झाली आणि टाळेबंदी उठल्यावरही चालू राहिली.

त्यांच्याकडे आलेली शेवटची तक्रार अशी : एका जोडीने बोलीमध्ये ठरवलेला संकेत समोरच्यांना सांगितला नाही. ब्रिजमध्ये भिडूंनी आपसात संकेत ठरवण्यास मुभा आहे, पण ते गुप्त ठेवण्यास नाही. ऑनलाइन खेळताना आपल्याच बोलीचा अर्थ आपणच प्रतिस्पर्ध्यांना लिहून कळवायचा असतो. काकांनी डावाची नोंद पाहिली, न सांगितल्यामुळे समोरच्यांचे नुकसान झाले असे ठरवले आणि गुण बदलून दिले. कोणाला विचारावे लागले नाही. मधेच उठून गेलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा बसवणे, वेळ संपल्यामुळे अर्धवट राहिलेल्या डावाला गुण देणे, उद्धट बोलणाऱ्याला समज देणे, हीसुद्धा त्यांचीच कामे.

लबाडीचे काय? समोरासमोर बसले असता डोळे, हात, खोकला, सारे दिसते. ऑनलाइन खेळात घरी बसून दोन भिडू फोनवर बोलत असतील तर ते पंचाला दिसत नाही. २०२० मध्ये जगातील काही नामांकित खेळाडूही दुसऱ्या नावाने प्रेक्षक म्हणून शिरून, आपल्याच टेबलावरची चारही हातांची पाने पाहताना सापडले, आणि त्यांपैकी काहींनी तशी जाहीर कबुली दिली. म्हणून काका एका डावावरून कोणाला चोर ठरवत नाहीत. प्रत्येक डावाचे प्रत्येक पान नोंदलेले असते. पुष्कळ डाव एकत्र पाहिले आणि नशिबाने व अकलेने होण्यासारखे नाही असे वारंवार होत असेल, तरच ते त्या जोडीशी बोलतात, तेही खाजगीत.

तिसऱ्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मला महत्त्वाचे वाटले. संकेतस्थळाच्या पगारी लोकांकडे तक्रार करता येतेच. पण खरे अपील म्हणजे पुढच्या आठवड्यात खेळाडू परत येतो की नाही. निकाल पक्षपाती दिला तर टेबले रिकामी राहतील. चौथ्या प्रश्नावर ते हसले. खेळ दुप्पट झाला तर त्यांचे काम तेवढे दुप्पट होईल, एवढाच फायदा.

मग ते हे करतात कशासाठी? ब्रिज टिकावा म्हणून. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीत भारताच्या प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यावेळी बर्धन यांचे वय ६० होते. काकांच्या दृष्टीने हा पुरावा आहे की, हा खेळ आयुष्यभर शिकता येतो. मात्र तो शिकवणारा आणि त्याची शिस्त राखणारा कोणीतरी जागेवर असावा लागतो.

जुने टेबल

निपाणीच्या व्यवस्थापकांचे उत्तर थोडक्यात सांगता येईल. शेवटची तक्रार दिव्याची होती! मंडळात टेबलाचे भाडे तासावर ठरलेले असते. जिंको कोणीही, हरो कोणीही. सभासद ओळखीचे; कोणाची शेती किती आणि कोणाच्या घरी लग्न आहे हे व्यवस्थापकांना ठाऊक. एखादा फार वाहवत चालला तर त्याला 'आता घरी चला' असे म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि त्यांनी तो वापरलाही आहे. निर्णय चुकला तर कार्यकारी समिती आहे. कॅम्पमधल्या तरुणाला त्या बाईंचा फोन आला तेव्हा नेमका हाच अधिकार त्याच्याकडे नव्हता.

कायदा कोणता प्रश्न विचारतो

आपल्याकडे कायद्याने फार काळ एकच प्रश्न विचारला : खेळ कौशल्याचा की नशिबाचा? यातील एक जुना खटला आपल्या भागाला जवळचा आहे. आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची बक्षीस-स्पर्धा बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून चाले. साप्ताहिक छापले जाई म्हैसूर राज्यात आणि भाग घेणारे पुष्कळ लोक मुंबई राज्यात. त्या काळी बेळगावही मुंबई राज्यातच होते. खेळ एका राज्यात आणि पैसे दुसऱ्या राज्यातून, अशी ही आजच्या ऑनलाइन खेळाचीच जुनी आवृत्ती म्हणावी लागेल. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याचा त्यावरील कर उचलून धरला आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे असे ठरवले.

पुढे १९६७ मध्ये आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात, सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीसंबंधी न्यायालयाने म्हटले की, पडलेली पाने लक्षात ठेवणे आणि कोणते पान ठेवावे, कोणते टाकावे हे ठरवणे यास कौशल्य लागते; म्हणून रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे. याच निकालाचा आधार ऑनलाइन रमी कंपन्या अनेक वर्षे देत आल्या. परंतु त्याच निकालात पुढे असेही आहे की, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळातून जागेचा मालक किंवा क्लब स्वतः नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. म्हणजे माझा चौथा प्रश्न न्यायालयाने तेव्हाच विचारून ठेवला होता.

कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील मुख्य तरतुदी रद्द केल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत लावल्या जाणाऱ्या पूर्ण रकमेवर शेकडा २८ जीएसटी आला. आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवून पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड सांगितला. नुसत्या खेळणाऱ्यास शिक्षा ठेवली नाही. ई-क्रीडा आणि पैज नसलेले सामाजिक खेळ मात्र वेगळे काढले. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे डाव थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

या बदलाचा अर्थ मला असा लागतो : कायद्याची नजर खेळाडूच्या हातातील पानांवरून उठून टेबलाखालच्या पैशाकडे वळली. ही दिशा मला बरोबर वाटते. पण एक बाजू राहून जाते. कंपनी बंद झाली तेव्हा तिच्याबरोबर तिचा राखणदारही गेला. ज्याला खेळाची चटकच लागली आहे असा माणूस परदेशातून चालणाऱ्या एखाद्या चोरट्या टेबलावर जाऊन बसला, तर तेथे लबाडी पकडणारा कोणी नसेल, आणि त्याच्या बायकोचा कन्नड किंवा मराठी फोन घेणाराही कोणी नसेल. त्या बाईंना हवा होता असा क्रमांक कंपनीच्या बाहेर कोठेतरी असला पाहिजे, जेथे फोन घेणाऱ्याचा पगार डावांच्या संख्येवर अवलंबून नाही.

निष्कर्ष

या तीन मुलाखतींवरून मी एक कसोटी मांडतो. ज्या खेळाची राखण करायला जाणती माणसे बिनपगारी पुढे येतात, त्या खेळात खेळाडूंचे स्वतःचे काहीतरी आहे असे समजावे. ज्या टेबलाची राखण केवळ पगारावरच होऊ शकते, तेथे तो पगार कोणाच्या खिशातून येतो ते पाहावे.

या कसोटीलाही मर्यादा आहे. अमेरिकेतील 'एओएल' कंपनीच्या गप्पांच्या दालनांवर हजारो स्वयंसेवक देखरेख ठेवीत. कंपनी त्यांच्याकडून नोकरांसारखे काम घेते, म्हणून वेतन द्यावे, असा दावा त्यांच्यापैकी काहींनी १९९९ मध्ये लावला आणि २०१० मध्ये तो दीड कोटी डॉलरवर मिटला. म्हणजे बिनपगारी असणे हे काही पावित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. हौसेच्या नावाखाली फुकट श्रम घेणाराही चौथ्या प्रश्नातूनच सापडतो.

आपल्यापैकी अनेकांना पदवीनंतर अशाच नोकऱ्या मिळणार आहेत. दोन-तीन भाषा येतात हे सीमाभागातील मुलामुलींचे भांडवल आहे, आणि खेळ, कर्ज, खरेदी अशा कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या वतीने फोन घेण्याकरिता ते भांडवल विकत घेतले जाईल. तेव्हा मुलाखतीला जाल त्या दिवशी साहेबांच्या प्रश्नांची उत्तरे तर द्याच, पण हे चार प्रश्न आपणही त्यांना विचारा. तक्रार कोणती येते, आपल्या हाती काय असेल, आपल्यावर कोण असेल, आणि धंदा वाढला तर कोणाचे भले होईल, हे पगाराच्या आकड्याइतकेच अगोदर कळलेले बरे.